काकाजींचा बॉयलर आणि मोहाचा केक

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात छोटासा सत्कार झाला, मला बोलायला उभं केलं आणि कुणीतरी म्हणालं, हे सगळं कुणामुळे झालं ते सांग. अशा वेळी आईवडिलांचं आणि गुरुजनांचं नाव घ्यायची पद्धत आहे. मीही घेतलं आणि ते खोटं नव्हतं. पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कारध्याच्या माझ्या घरमालकांचा, काकाजींचा. त्यांचं नाव मी त्या दिवशी घेतलं नाही. घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की त्यांनी काय केलं, आणि मला सांगावं लागलं असतं की त्यांनी केक केले.

काकाजींनी मला अभ्यासाचं एक अक्षर शिकवलं नाही. माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक त्यांनी तीन वर्षांत एकदाच हातात घेतलं, तेही गरम डबा धरायला फडकं सापडेना म्हणून.

भंडाऱ्याच्या कॉलेजात नाव घातल्यावर मी खोली शोधत पुलावरून कारध्याला आलो. एका घराच्या गेटवर ‘खोली किरायाने देणे आहे’ अशी पाटी होती. अंगणात खाकी पँट, खाकी शर्ट आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला एक उंच म्हातारा माणूस उभा होता. त्यांनी माझं नाव, गाव काही विचारलं नाही. घरातून ताटली आणली. ताटलीत एक बिस्किट होतं.

“खा.”

मी खाल्लं. तांदळाच्या पिठाचं होतं.

“कसं आहे?”

“छान आहे जी.”

“अजून एक खा. आता खरं सांग.”

मी दुसरं खाल्लं. खोली हातची जाणार हे दिसत होतं, पण खोटं बोलण्याची माझी तेवढीच ताकद होती. ती पहिल्या बिस्किटाला संपली होती. मी म्हणालो, “मधे ओलं आहे जी.”

काकाजींनी घराकडे तोंड करून आरोळी ठोकली, “अवो, भेटला!”

आतून काकूंचा आवाज आला, “याच्या आधी चार पोट्टे छान म्हनून गेले. कुठं राहून राहिले असतील बिचारे.”

अशी मला खोली मिळाली.

काकाजींनी उभा जन्म तुमसरच्या एका राईस मिलमध्ये बॉयलर सांभाळला. उसना तांदूळ करायचा तर धान गरम पाण्यात घालून झाकून ठेवायचं, मग वाफ द्यायची, वाळवायचं आणि नंतर भरडायचं. हे काम करता करता त्यांचे कान अर्धे गेले. फोन हातात आला की ते फक्त स्वतःचं बोलत आणि ठेवून देत. समोरच्याला काय म्हणायचं होतं हा त्याचा प्रश्न. त्यामुळे त्यांना काही सांगायचं असेल तर जवळ उभं राहून ओरडायचं किंवा कागदावर लिहून हातात द्यायचं, हे दोनच मार्ग होते.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. काकाजींनी परसात बॉयलर बांधला. ते त्याला बॉयलरच म्हणत. खरं तर तो तेलाचा आडवा टाकलेला लोखंडी ड्रम होता. खाली विटा, वरून मातीचा लेप, बाजूला धानाचा भुसा जाळायची जागा. पुढच्या बाजूला पितळी काट्याचं एक दाबमापक बसवलं होतं. मिलमधल्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ नको म्हणून त्यांनी ते बंद पडलेलं दाबमापक मागून घेतलं होतं. त्याचा काटा कायम एकाच जागी असे. काकाजी दर पाच मिनिटांनी वाकून त्याकडे पाहत आणि समाधानानं म्हणत, “बरोबर आहे.”

ड्रमच्या वरच्या अंगाला एक वाकडी नळी होती. तिच्यातून वाफ बाहेर पडे आणि गार होऊन खाली ठेवलेल्या बाटलीत थेंब थेंब पाणी टपके. या नळीचा उपयोग काय, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“नळी नाही तं बॉयलर कायचा?” काकाजी म्हणाले.

दर रविवारी बॉयलर लागे. त्या दिवशी खाकी कपडे सक्तीचे होते, निदान त्यांना. आणि आतला जिन्नस तयार झाला की काकाजी “झालं” असं साधं म्हणत नसत. ते कमरेवर हात ठेवत, मान वर करत आणि तोंडानं मिलचा भोंगा वाजवत. भोंगा पूर्ण एक मिनिटाचा असे. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा जांभळा होई. गल्लीतली लेकरं तो ऐकून वाट्या घेऊन धावत येत. पाहुणे आलेले असले तर शेजारचे लोक त्यांना शांतपणे सांगत, “काई नाही जी, बिस्किट झाले.”

काकू मात्र कधी खात नसत. त्या चमचा घेऊन केकच्या पाठीवर ठकठक करत आणि कान देऊन म्हणत, “आवाज येऊन राहिला.” एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठा अभिप्राय काकाजींना मिळाला नव्हता. पण दर रविवारी ते काकूंच्या चमच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहत.

काकाजींचं वर्ष झाडांवर आणि तळ्यांवर चाले. दिवाळीच्या आगेमागे तळ्यातले शिंगाडे निघाले की शिंगाड्याच्या पिठाची बिस्किटं. थंडीत बोरं वाळवून, कुटून त्यांच्या वड्या भाजायच्या. होळीनंतर मोह, मे महिन्यात आंबा. विकत आणायचा तो गूळ, रवा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. काकूंना मासे चालत, पण अंड्याला त्यांच्या दारातून प्रवेश नव्हता, म्हणून दही. सिनेमा नाही, हॉटेल नाही, नागपूरची चक्कर नाही. काकाजींचं म्हणणं होतं की रविवारी जो घराबाहेर पडला त्याला घरात करमत नाही हे सगळ्या गावाला कळतं, आणि ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी आहे.

सीताफळाच्या केकचा बेत असला की शनिवारी सकाळपासून आम्ही तिघं ओसरीवर बसून बिया काढत असू. गर तोंडात घोळवायचा नाही, पातेल्यात टाकायचा, असा नियम होता. तो अर्ध्या तासात मोडे आणि बिया लांब थुंकायची स्पर्धा सुरू होई. काकाजींची बी पायरीपर्यंत जाई. माझी तुळशीपर्यंत. काकू पदर सावरून, पाठ सरळ करून बसत आणि बी सरळ गेटबाहेर धाडत. एकदा ती गेटातून आत येणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीत पडली. काकू म्हणाल्या, “घ्या, टपाल टाकलं.”

नव्या धानाच्या पिठाचा केक त्यांनी एकदाच केला. नवा तांदूळ चिकट असतो हे सगळा जिल्हा जाणतो, आणि ज्यांचा जन्म धानात गेला त्या काकाजींनी तर ते जास्तच जाणायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, भाजल्यावर काय होते. भाजल्यावर ते झालं की पहिला घास घेताच त्यांचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना धरून बसले. तासभर त्यांना बोलता आलं नाही. काकू खुर्ची घेऊन समोर बसल्या आणि त्या दिवसाबद्दल, कालच्याबद्दल, लग्नातल्या मानपानाबद्दल जे जे राहिलं होतं ते सगळं बोलल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, “हाच केक दर रविवारी करत जाय म्हना.”

पावसाळ्यात भुसा ओला होई आणि बॉयलरला सुट्टी मिळे. मग काकाजी खाटेवर बसत आणि जाहीर करत, “गाडी तुमसर रोडवरून सुटली!” खाट म्हणजे डबा. स्वयंपाकघर म्हणजे येणारं स्टेशन. मी टीसी. काकाजी दर वेळी विनातिकीट सापडत आणि हात जोडून म्हणत, “साहेब, गरीब मानूस आहो, पुढच्या टेशनवर उतरतो.” गाडी पूर्ण थांबल्याशिवाय काकू चहा देत नसत. एकदा काकाजींनी चहाच्या कपाला नावं ठेवली. काकू “गोंदिया आलं” असं म्हणून उतरल्या आणि शेजारी जाऊन बसल्या. स्वयंपाकघराला कुलूप. दोन तास गाडीला सिग्नल मिळाला नाही. काकाजी खाटेवरून हलले नाहीत, कारण चालत्या गाडीतून उतरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

आता माझ्या अभ्यासाचं. पहिल्याच सत्रात मी भौतिकशास्त्रात नापास झालो. माझं गणित कच्चं होतं, पुस्तक उघडलं की झोप येई, आणि हे सांगायला घरात कुणाला भौतिकशास्त्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं. निकालाचा कागद मी काकाजींना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले, “मधे ओलं राहिलं.” मग बॉयलरजवळ स्टूल ठेवलं. “इथं बस. मोठ्यानं वाच.”

काकाजी भाजताना घड्याळ पाहत नसत. घड्याळ मिलमालकाचं असतं, असं काहीतरी त्यांचं मत होतं. आता त्यांनी माझा धडा हेच घड्याळ केलं. बिस्किटांना उष्णतेचा धडा एकदा. केकला दोनदा. वाचन थांबलं की ते ओरडत, “थांबू नको बे, जळते!” त्यांना ऐकू जावं म्हणून मला गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचावं लागे. वहन, संवहन आणि प्रारण हे तीन शब्द कारध्यातल्या म्हशींनाही पाठ झाले असतील. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तो धडा मी किती वेळा ओरडलो त्याचा हिशेब नाही. एवढं खरं की मार्चमध्ये कॉलेजात सरांनी प्रश्न विचारला आणि पहिल्यांदाच माझा हात वर गेला. उत्तर बरोबर होतं. फक्त मी ते इतक्या जोरात दिलं की मागच्या बाकावरचा एकजण खाली पडला.

आणि नेमकं तेव्हाच मायचा फोन आला.

“बाबा रविवारी येऊन राहिले तिकडं,” ती म्हणाली. “नापास झाला ते समजलं त्यायले. राहते कुठं, कोनाच्या संगतीत राहते, ते पाहतो म्हन्ते. बरं नाही वाटलं तं संगंच घेऊन येतो म्हन्ते. तळ्यावर हात कमीच पडून राहिले.”

आमचं घर तळ्यावर मासे धरणारं. माझ्या हातात जाळं आलं असतं तर कुणालाच त्यात नवल वाटलं नसतं. मलाही वाटलं नसतं, पण धडा आत्ता कुठे कळायला लागला होता.

यात एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आजोबांनी मोहाच्या दारूपायी आमचा डोंगा विकला होता. डोंगा म्हणजे तळ्यात फिरायची लाकडी होडी. तो विकला गेला तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते. तेव्हापासून बाबांसमोर मोहाचं नाव निघत नसे. रस्त्यात मोहाचं झाड आलं तर ते दुसऱ्या बाजूनं चालत. आणि ज्या रविवारी ते येणार होते तो काकाजींच्या मोहाच्या केकचा रविवार होता.

गुरुवारी कॉलेजातून आलो तर परसात एक पिंप झाकून, वर दगड ठेवून, गोणपाटात गुंडाळलेलं.

“काय आहे जी यात?” मी ओरडलो.

“मोह. गरम पान्यात टाकला. दोन दिवस मुरू दे.”

वाळलेली मोहफुलं केकसाठी तासभर भिजवली तरी पुरे. पण काकाजींनी आयुष्यभर एकच वस्तू भिजवली होती, ती म्हणजे धान, आणि ते जसं भिजवतात तसाच त्यांनी मोह भिजवला होता. गरम पाणी, वर झाकण, दोन रात्री. दारू गाळणारे लोक याहून वेगळं काही करत नाहीत.

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाबा रविवारी येणार. मोह नको.’ काकाजींनी वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“मोह पंधरा दिवस पडते,” ते म्हणाले. “तुह्या बापासाठी थांबन का तो?”

शनिवारी संध्याकाळी त्यांनी झाकण काढलं आणि स्वतःच दोन पावलं मागे गेले. काकूंनी नाकाला पदर लावला. “अजी, नुसत्या वासानं चक्कर येऊन राहिली.” काकाजींनी ते पाणी नालीत ओतलं, फुलं चारदा धुतली, तव्यावर कोरडी भाजली आणि म्हणाले, “आता काई प्रॉब्लेम नाही.” नाली बारा घरांसमोरून जाते.

रविवारी सकाळी केक आत गेला. बाबांची बस बाराची होती. दहाच्या आत भोंगा व्हावा, सगळं धुऊन-पुसून मोकळं व्हावं, अशा बेतानं मी धडा सुरू केला. पहिलं वाचन संपत आलं असेल तेव्हा गेटातून एक हवालदार साहेब आत आले.

“फोन आला चौकीत. वास येऊन राहिला म्हन्ते कालपासून. दारू कोन गाळून राहिलं इथं?”

काकाजींना ऐकू आलं नाही, पण वर्दीतला माणूस आपल्या परसात आला याचा त्यांना फार आनंद झाला. “या ना जी, या! पाहा. मोठा नाही, पन काम चांगलं करते.”

हवालदारांनी ड्रम पाहिला. खालची आग पाहिली. वरची वाकडी नळी पाहिली. नळीखालची बाटली पाहिली. कोपऱ्यातलं पिंप हुंगलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरकारी गंभीरपणा आला.

“रोज लावता का हे?” ते जोरात म्हणाले.

“नाही जी, रविवारीच. गल्लीत सर्व्यायले देतो.”

“लेकरायलेही?”

“लेकरंच तं पहिले येते!”

माझं वाचन थांबलं होतं. काकाजी माझ्यावर खेकसले, “थांबला काहून? वाच! जळते!”

तोवर चार महिन्यांची सवय झाली होती. मी वाचायला लागलो. “उष्णता ही अधिक तापमानाच्या पदार्थाकडून कमी तापमानाच्या पदार्थाकडे वाहते…”

“हा पोट्टा काय करून राहिला?” हवालदारांनी काकूंना विचारलं.

“टाइम पाहून राहिला जी.”

हवालदारांनी डायरी काढली. पंचनामा करावा लागेल, दोन पंच पाहिजेत, असं म्हणाले.

“मले घ्या,” काकू म्हणाल्या.

“घरच्या बाईले नाही घेत पंच.”

“याच्याविरुद्धच बोलन ना जी मी. चाळीस वर्षांपासून तेच करून राहिली.”

तेवढ्यात गेट वाजलं. बाबा सकाळच्याच बसनं आले होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात पत्र्याचा डबा. डब्यात घरमालकांना भेट म्हणून दोन जिवंत मरळ मासे होते.

हवालदारांना ते नेमके हवे तेव्हा आलेले दिसले. “ओ काका! या गावचे का तुमी? नाही ना? मंग या इकडं, पंच व्हा.”

बाबांनी वर्दी पाहून आधी चपला काढल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी दारूच्या भट्टीसारख्या दिसणाऱ्या एका यंत्राजवळ, पोलिसासमोर, स्टुलावर बसून संवहनाची व्याख्या ओरडत होतो. बाबांना सहीपुरतंच लिहिता येतं, पण ड्रम, नळी आणि बाटली त्यांना नीट वाचता आली. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं, संपलं. गेलं कॉलेज.

आणि काकाजींनी भोंगा वाजवला.

पूर्ण एक मिनिट. हवालदार कमरेला हात लावून मागे सरकले. बाबांच्या हातून डबा सुटला आणि दोन्ही मरळ अंगणात उड्या मारू लागल्या. गल्लीतून सात-आठ लेकरं वाट्या घेऊन धावत आली. हवालदार त्या वाट्यांकडे पाहून हळूच म्हणाले, “हे राम.”

काकाजींनी ड्रमचं दार उघडून केक बाहेर काढला. काळसर, जड, मधोमध थोडा खचलेला. मोहाचा गोड वास परसभर पसरला. बाबांनी नाकाला दुपट्टा लावला.

“काय आहे हे?” हवालदार.

“केक,” मी म्हणालो.

हवालदारांना वाटलं आपली थट्टा चालली आहे. त्यांनी काडी पेटवून केकला लावून पाहिली. दारू असेल तर निळी जळेल, असा त्यांचा हिशेब. केक जळला नाही. काडी विझली. मग ते बाबांकडे वळले. “काका, खाऊन सांगा, दारू आहे का याच्यात.”

“मी?” बाबांचा आवाज कोरडा पडला. “मी मोहाले हात नाही लावत, साहेब. छत्तीस वर्ष झाले.”

“मंग काय मी खाऊ? मी ड्युटीवर आहो.”

बाबा केकजवळ आले. त्यांनी ‘आहे’ म्हटलं असतं तर काकाजी चौकीत आणि मी तळ्यावर. न खाताच ‘आहे’ म्हणणं त्यांना किती सोपं होतं हे त्या अंगणात मला एकट्याला माहीत होतं. शेवटी त्यांनी दुपट्टा खाली केला, केकचा तुकडा मोडला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. हळूहळू चावला. दुसरा तुकडा घेतला. मग बाटली उचलून हुंगली.

“बाटलीत गंजाचं पानी आहे,” ते म्हणाले. “फुलं चुकीचे भिजवले. आंबले होते. पन मंग धुतले, भाजले. दारू नाही याच्यात, साहेब. खायची वस्तू आहे.” बाटली खाली ठेवून म्हणाले, “माही माय पोळी करे मोहाची. अशीच लागे.”

हवालदारांनी डायरी मिटली. काकाजी सगळं संपल्यावर पुढे झाले. “लिहा ना जी, केक चांगला फुगला म्हनून.”

“ते लिहायची जागा नाही याच्यात.”

“फुगला नाही तो,” काकू म्हणाल्या.

दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तेव्हाही पंचच होते. त्यांनी केक बाजूनं, वाकून, नीट पाहिला. “थोडका फुगला,” ते म्हणाले.

हवालदार नमुना म्हणून पाव केक कागदात बांधून घेऊन गेले. लेकरं गेली. मला वाटलं, आता बाबा बसतील, पाणी पितील. ते अंगणात उकिडवे बसले, धुळीतल्या दोन्ही मरळ धरल्या, डब्यात टाकल्या आणि डबा उचलला. भेट म्हणून आणलेले मासे परत निघाले तेव्हा मला कळलं.

“कपडे घे,” बाबा म्हणाले. “चाल.”

काकू पुढे आल्या. “अजी, तुमीच सांगतलं ना दारू नाही म्हनून.”

“सांगतलं. खरं होतं ते. पन ज्या घरी पोलीस येते तिथं पोरगं नाही ठेवत मी.”

काकाजींना ऐकू गेलं नव्हतं. मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा ते मला मोठ्यानं म्हणाले, “संध्याकाळी येशीन ना? दुसरा लावतो.” मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलवली ते मलाही आठवत नाही.

परीक्षा सोळा दिवसांवर होती. मी गावी गेलो. पाचव्या दिवशी खालचं पत्र लिहिलं. काकूंनी ते जपून ठेवलं होतं, मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा मी ते उतरवून घेतलं. जसं होतं तसं देतो.

गावाहून, शुक्रवार

तीर्थरूप काकाजी आणि सौ. काकू यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. सकाळी तळ्यावर जातो. दुपारी तळ्याच्या पाळीवर बसून मोठ्यानं वाचतो. लोकांना वाटतं मी मासे हाकलतो आहे.

पत्रास कारण की बाबा. मंगळवारी पहाटे ते एकटेच कुठेतरी गेले आणि दुपट्ट्यात मोहफुलं बांधून घेऊन आले. मायनं ती पाहिली आणि ती भिंतीला धरून खालीच बसली. बाबा म्हणाले, पोळी कर. मायनं केली. बाबांनी खाल्ली आणि म्हणाले, ही माझ्या आईसारखी नाही, त्या म्हाताऱ्याचा केक जास्त जवळचा होता. बुधवारी त्यांनी स्वतः पातेल्यात केकचं पीठ कालवलं, पातेलं चुलीवर ठेवलं आणि झाकणावर निखारे ठेवले. केक जळला. गुरुवारी दुसरा केला. तो जळला नाही, पण बकरीनंही खाल्ला नाही. वास गावभर गेल्यामुळे दोन बाया मायला विचारून गेल्या की तुझ्या घरवाल्यानं या वयात सुरू केली का. माय हसली. बाबांच्या घरात मोहावरून कुणी हसलेलं मी प्रथमच पाहिलं.

काल संध्याकाळी बाबा जाळं विणता विणता म्हणाले, त्या घरी पोलीस आले होते हे खरं. पण आल्यावर काही लपवायला कुणी पळालं नाही हेही खरं. आमच्या घरी पोलीस आले होते तेव्हा आजा मागच्या दारानं पळाला होता. मग जाळ्याची गाठ मारून म्हणाले, तुझी परीक्षा कधी आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, मग इथं काय करून राहिला.

तर काकाजी, माझी खोली अजून रिकामी आहे का? दुसरा किरायादार ठेवला असला तर मी परसात झोपेन, मला चालेल. आम्ही दोघं सोमवारी सकाळच्या बसनं येत आहोत. बाबा मासे आणणार आहेत आणि या वेळी ते ठेवून जाणार आहेत. मोहफुलंही आणणार आहेत. ती कशी भिजवायची ते बाबा दाखवतील, म्हणून कृपा करून आधी काही पाण्यात घालू नये.

एक विनंती. पत्र पोहोचायच्या आधी आम्हीच दारात उभे दिसलो तर कशाला आले असं विचारू नये. यातलं काहीही बाबांना तोंडानं सांगायला जमणार नाही, आणि जमलं तरी तुम्हाला ऐकू जाणार नाही. पोस्टमन येईपर्यंत बाबांना बसायला खुर्ची द्यावी.

आपला आज्ञाधारक,
किरायादार